वाढ्यावरचा हक्क

एक टन ऊस साखर कारखान्याच्या गव्हाणीत पडला की त्यातून काय काय निघतं, हे मला पाढ्यांच्या वयापासून पाठ आहे. १०० ते ११० किलो साखर, पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस म्हणजे पिळून उरलेला चोथा, ४०-४५ किलो मळी, ३०-४० किलो प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, बाकी बहुतेक पाणी. माझे वडील पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होते. हंगाम सुरू झाला की घर पाळ्यांवर चालायचं. वडील ताटावर बसले की आईचा पहिला प्रश्न, "आज रिकव्हरी किती लागली?" म्हणजे शंभर किलो उसातून साखरेचा उतारा किती किलो पडला. आकडा साडेअकराच्या वर गेलेला असला की वडील एक पोळी जास्त खायचे.

"उसाचं काही वाया जात नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. ते अभिमानानं म्हणायचे आणि तो अभिमान रास्त होता. बगॅस बॉयलरमध्ये जळतो, त्याच्या वाफेवर टर्बाईन फिरतं, टर्बाईनमधून बाहेर पडलेली वाफ रस आटवायला जाते. कारखाना स्वतःच्या विजेवर चालतो आणि उरलेली वीज महावितरणला विकतो. मळी डिस्टिलरीत जाते, टनाला सव्वादोनशे लिटरच्या पुढं अल्कोहोल देते. त्यातून उरणारं तांबडं-काळं पाणी, ज्याला सगळे स्पेंटवॉश म्हणतात, ते आमच्या लहानपणी ओढ्याला सुटायचं. ओढ्याकाठच्या विहिरी त्यानं नासल्या, हेही मी पाहिलं आहे. आता त्या पाण्यातून आधी बायोगॅस काढतात, मग ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात, आणि जी राख उरते त्या राखेत पालाश, म्हणजे पोटॅश, असतं. मळीपासूनच्या या पोटॅशला केंद्र सरकारनं २०२१ मध्ये खतांच्या अनुदानाच्या यादीत घेतलं. म्हणजे राखसुद्धा पिशव्या भरून विकली जाते. प्रेसमडचं कंपोस्ट शेतात परत जायचंच, आता त्यातून गाड्यांचा गॅस काढण्याचे प्रकल्प उभे राहत आहेत. आणि इथेनॉलबद्दल तर वेगळं सांगायला नको. २०१८ च्या जैवइंधन धोरणानं दार उघडलं, २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के मिश्रण झालं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. पंपावर गाडीत पेट्रोल भरताना आपण कुणाच्या तरी फडातला ऊस भरत असतो.

ज्याला आज जगभर चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात, ती हीच. खाणीतून काढा, वस्तू बनवा, वापरा आणि फेकून द्या ही सरळ रेषा मोडायची आणि एका कामाचा टाकाऊ माल दुसऱ्या कामाचा कच्चा माल करायचा. युरोपीय संघानं त्यासाठी २०१५ मध्ये पहिला कृती आराखडा केला, चीननं त्याआधीच कायदा केला होता. तरीही, २०२३ च्या एका जागतिक अहवालानुसार, जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण साहित्यापैकी जेमतेम ७.२ टक्के साहित्य पुन्हा फिरून आलेलं असतं. त्या मापानं पाहिलं तर आमच्या नदीकाठचा एखादा चांगला चालणारा साखर कारखाना जगाच्या कितीतरी पुढं आहे. निदान उसाच्या बाबतीत. पाण्याच्या बाबतीत नाही. कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबानं महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी जातं, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली तेव्हा त्या हिशेबाचा अर्थ सगळ्या महाराष्ट्राला दिसला. पाण्यावर मात्र स्वतंत्रच लिहावं लागेल. मला इथं माणसांबद्दल बोलायचं आहे.

१९९० मध्ये महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीनं मानव विकासाचा पहिला अहवाल आणला, तेव्हा त्यांचा आग्रह एवढाच होता की देशाची श्रीमंती नुसत्या उत्पन्नावर मोजू नका. माणूस किती वर्षं धडधाकट जगतो, किती शिकतो आणि बऱ्यापैकी जगण्याइतकं त्याच्या हातात काय पडतं, हे तिन्ही बघा. चक्रीय अर्थव्यवस्थेवरचे अहवाल मी कामानिमित्त वाचत असते. त्यांत टनांचा हिशेब असतो, कार्बनचा असतो, वाचलेल्या परकीय चलनाचा असतो. वर्तुळाच्या वेगवेगळ्या वळणांवर उभी असलेली माणसं किती शिकली, किती आजारी पडली, म्हातारपणी त्यांचं काय झालं, हे क्वचित असतं. गृहीत असं असतं की माल फिरला की रोजगार येईल आणि रोजगार आला की बाकीचं आपोआप येईल. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही हे गृहीत तपासून बघायला फार लांब जावं लागत नाही.

आधी जे झालं ते सांगते, कारण ते खरंच मोठं आहे. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअर गोळा केले आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी उभा राहिला. पुढं त्याच नमुन्यावर नदीनदीच्या काठानं कारखाने उभे राहिले, आणि कारखान्यांच्या पाठोपाठ शाळा, कॉलेजं, दवाखाने, तंत्रनिकेतनं, दूध संघ आले. वारणानगर, प्रवरानगर ही नावं नुसत्या साखरेची राहिली नाहीत. माझी शाळा कारखान्याची. माझं बाळंतपण ज्या दवाखान्यात झालं तो कारखान्याच्या ट्रस्टचा. माझ्याबरोबर पहिलीत असलेली, दोन-अडीच एकरवाल्यांची मुलं आज इंजिनिअर आहेत, काही परदेशात आहेत. २०१२ चा महाराष्ट्र मानव विकास अहवाल उघडून पाहिला तर कोल्हापूर, सांगली वरच्या जिल्ह्यांत दिसतात. त्यामागं बाकीचीही कारणं आहेत, पण उसाचा वाटा कुणी नाकारणार नाही.

हे कशामुळे झालं? माझं उत्तर सरळ आहे. शेतकऱ्याकडे शेअरचा कागद होता. तो सभासद होता, वार्षिक सभेत उभा राहून चेअरमनला प्रश्न विचारू शकत होता, संचालक पाडू शकत होता. कारखान्याच्या प्रत्येक नव्या उत्पन्नावर त्याचा डोळा होता आणि त्यावर बोलायचा त्याला अधिकार होता. राजू शेट्टींच्या आंदोलनांनी रस्ते अडवले, उसाच्या गाड्या थांबल्या, गोळीबारही झाला. २०१३ मध्ये राज्यात ऊसदराचा कायदा आला आणि त्यात सूत्र बसलं: साखरेच्या जोडीला बगॅस, मळी आणि प्रेसमड यांचं प्राथमिक उत्पन्न धरून ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा. उपपदार्थांवरचा हक्क कायद्यात लिहिला गेला. वर्तुळाच्या त्या वळणावर जो उभा होता, त्याला वर्तुळातला हिस्सा मिळाला.

आता दुसरं वळण.

आमच्या कॉलनीच्या भिंतीपलीकडं मोकळं रान होतं. दिवाळी झाली की तिथं कोप्या उभ्या राहायच्या. बांबूच्या कामट्या, चटया, वर काळा कागद. माणूस वाकूनच आत जाणार. बीडकडची, पाथर्डी-जामखेडची माणसं यायची. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, केज ही गावं मी नकाशात शोधण्याच्या आधी त्यांच्या तोंडून ऐकली. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की एका रात्रीत रान मोकळं व्हायचं आणि चुलींचे काळे डाग तेवढे उरायचे.

तोडीच्या हिशेबात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा आला तर तो अर्धा कोयता. मुकादम उन्हाळ्या-पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. त्या पैशात कुणाचं लग्न होतं, कुणाचं घर शाकारलं जातं, कुणाचं आधीचं देणं फिटतं. मग पाच-सहा महिने तोडून ती उचल फेडायची. जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडते. पहाटे चारला बाई उठते, भाकरी बडवते, अंधारातच फडात पोचते. नवरा तोडतो, ती पाला काढते, मोळ्या बांधते. गाडी भरायची वेळ कारखान्याच्या पाळीवर असते, त्यामुळे ती रात्री अकरालाही येते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर, पायाखाली ट्रॉलीला लावलेली फळी. ती फळी चढताना बाईची मान हलत नाही. हे मी लहानपणी खेळ म्हणून बघायचे, मोठेपणी तिकडं बघवत नाही.

या सगळ्यात उसाचा एक भाग असा आहे जो कारखान्यात जात नाही. उसाचा शेंडा, हिरवा पाला. त्याला वाढे म्हणतात. जनावरं ते आवडीनं खातात. रिवाज असा आहे की वाढे तोडणाऱ्याचे. बैलगाडी असेल तर आधी स्वतःच्या बैलांना, उरलेले विकायला. काही ठिकाणी शेतमालक निम्मे मागतो, त्यावरून बांधावर बाचाबाची होते, पण हक्क तोडकऱ्याचा हे सगळे मानतात. दुपार कलली की फाट्यावर बायका वाढ्यांच्या पेंढ्या घेऊन बसलेल्या दिसतात. पेंढी वाढ्यानंच बांधलेली असते, दोन पानं पिरगळून मारलेली गाठ, सुतळीचा खर्च नाही. दुधाचा धंदा करणारे मोटरसायकलवरून येतात, पेंढी उचलून तोलून बघतात, शेकड्याचा भाव करतात. चारा महाग असेल त्या वर्षी बायकांच्या चेहऱ्यावर ते कळतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका फाट्यावर पाटोद्याकडच्या एका मावशींशी मी बोलत बसले होते. एका हातानं पेंढ्या लावत, दुसऱ्या हातानं नातवाला सांभाळत त्या म्हणाल्या, "तोडीचा पैसा उचलीत कटतो, ताई. आमच्या डोळ्यालाबी दिसत न्हाई. मीठ-मिरची, लेकराचं औषिध, फोनचा रिचार्ज, समदं ह्याच्यावर." आणि मग हसून, "ह्याच्यावर मुकादमाचं नाव न्हाई लागत."

त्या दिवसापासून चक्रीय अर्थव्यवस्था हे शब्द ऐकले की मला आधी वाढ्याची पेंढी आठवते. उसाचं एवढं मोठं वर्तुळ, त्यात साखर, वीज, इथेनॉल, खत, गॅस, पोटॅश. आणि ज्या हातांनी ते वर्तुळ दर वर्षी सुरू होतं त्यांच्या मालकीचं त्यात एवढंच, शेंड्याचा पाला. तेही कायद्यानं नाही, रिवाजानं. आणि ही एवढीशी मालकीसुद्धा त्या बाईच्या हातात रोख पैसा देते, ज्यातून औषध येतं. मजुरी जे करू शकली नाही ते वाढे करतात. मला या विषयावर जे कळलं आहे ते सगळं या पेंढीत बांधलेलं आहे.

मजुरीनं काय केलं, तेही बघायला हवं. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वर्तमानपत्रांत आला आणि सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. साधारण दर सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातलं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. कारणं ऐकायला घेतली तर ती सगळी त्या कोपीत आणि त्या फडातच सापडतात. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही. अंगावरून जातंय म्हणून बसून राहिली तर खाडा पडतो आणि खाड्याचा दंड जोडीच्या हिशेबातून कापला जातो. बाळंतपणानंतर विश्रांती नाही, त्यामुळे दुखणी. ती घेऊन बाई गावातल्या खासगी दवाखान्यात गेली की पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल, असं सांगणारे भेटतात. तिशीत ऑपरेशन, चाळिशीत हाडं दुखायला लागलेली, आणि ऑपरेशनसाठी घेतलेल्या उचलीचा नवा हंगाम. माणूस किती वर्षं धडधाकट जगतो, हा मानव विकासाचा पहिला प्रश्न. इथं त्याचं उत्तर हे असं आहे.

दुसरा प्रश्न शाळेचा. मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या रस्त्यांवर एसटीच्या निळ्या गाड्या धावतात, त्यांच्यावर 'मानव विकास' असं लिहिलेलं असतं. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींसाठी राज्याच्या मानव विकास मिशनमधून त्या आल्या. फार चांगली योजना आहे, त्या गाडीनं कित्येक मुलींना दहावी-बारावी पार करून दिली. पण ज्यांच्या घरचा कोयता जातो त्या मुलींना ती गाडी दिवाळीपर्यंतच. पुढं धाकट्या भावाला सांभाळायला कोपीवर कुणीतरी लागतं. कधी कारखान्याजवळ या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, कधी गावातच हंगामी वसतिगृहं झाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. जिथं वसतिगृह नीट चालतं तिथं मुलगी गावात राहते, शाळा सुटत नाही, हे मी पाहिलेलं आहे आणि त्यासाठी कुणाचंही कौतुक करायला मी तयार आहे. जिथं चालत नाही, तिथं वयात आलेली मुलगी मागं कुणाकडं ठेवायची ही आईची धास्ती, शिवाय कोयत्याला जोडी लागते, आणि मग पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर दहा बायकांतल्या चारांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

त्याच कारखान्याच्या शाळेत मी शिकले. भिंतीच्या अलीकडं शाळा, पलीकडं कोप्या. दोन्हीकडची मुलं एकाच उसावर जगत होती.

म्हणून कुणी मला विचारलं की चक्रीय अर्थव्यवस्थेनं माणसांचा विकास होतो का, तर मी आधी विचारते: कुठल्या वळणावरच्या माणसाचा, आणि त्याच्या हातात कागद कुठला आहे?

हा कागद शेतकऱ्याच्या पलीकडच्या माणसाच्या हातातही येऊ शकतो, हे मला पुण्यात राहायला आल्यावर कळलं. इथला कचरा वेचणाऱ्या बायकांचा इतिहास पुणेकरांनाही पुरता माहीत नसतो. बहुतेक जणी दलित, त्यातल्या पुष्कळ जणींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. म्हणजे ज्या भागातनं कोयते निघतात, त्याच भागातनं त्याही निघाल्या. एक वाट फडाकडं गेली, दुसरी कचराकुंडीकडं. मे १९९३ मध्ये त्यांची पहिली परिषद झाली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या आणि हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव त्यांच्या बाजूला होते. त्यांची पहिली मागणी पैशाची नव्हती. ओळखपत्राची होती. पहाटे पाठीवर पोतं घेऊन फिरणाऱ्या बाईला पोलीस चोर म्हणून धरत. महापालिकेनं मान्य केलेलं ओळखपत्र हातात आलं आणि ती कामगार झाली.

पुढं त्यांनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. स्वतःचं भंगाराचं दुकान काढलं, जिथं वजनकाटा सरळ असतो. पतसंस्था काढली. आपल्या कामानं महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो याचा रीतसर अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो हिशेब पुढं ठेवून त्यांनी आरोग्य विमा मागितला, मिळवला. २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेचा पुणे महापालिकेशी करार झाला. घरोघर जाऊन कचरा घ्यायचा, प्रत्येक घरानं महिन्याचे पैसे द्यायचे. आणि करारातली मोलाची गोष्ट ही, की सुक्या कचऱ्यातून निघणारा विकाऊ माल वेचणाऱ्या बाईचा. पुठ्ठा, रद्दी, पत्रा, जर्मनची भांडी, बाटल्या. वर्तुळातला हिस्सा कागदावर आला.

आमच्या इमारतीत येणाऱ्या ताई ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवतात. त्या मजल्यामजल्यावर आवाज देत येतात आणि ओला-सुका एकत्र दिसला तर पंधरा वर्षं साहेब असलेल्या माणसालाही ठणकावतात. पतसंस्थेच्या कर्जावर त्यांनी मुलीला नर्सिंगला घातलं. ती मुलगी आता एका रुग्णालयात नोकरीला आहे, आणि ताईंनी तिच्या पहिल्या पगारातून घेतलेली साडी कचऱ्याच्या फेरीला एकदाही नेसलेली नाही. "ती कामाला न्हाई वापरायची," असं त्यांनी मला आपण होऊन सांगितलं. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही. सॅनिटरी पॅड अजूनही लोक उघडे टाकतात. ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढं सांगण्यासाठी या बायकांना मोहीम चालवावी लागली. २०१३ मध्ये तर त्यांनी वापरलेले पॅड कंपन्यांना परत पाठवून दिले. आणि दर वेळी कराराची मुदत संपत आली की ठेकेदारीची टांगती तलवार असते.

ती तलवार का असते, हे समजून घेतलं पाहिजे. कचऱ्याला किंमत नव्हती तोवर तो कुणालाच नको होता. आता त्यातून इंधन, प्लॅस्टिकचे दाणे, प्रमाणपत्रं निघतात. प्लॅस्टिक बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या कंपन्यांवर ते गोळा करून प्रक्रिया करण्याची जबाबदारी टाकणारे सविस्तर नियम २०२२ मध्ये आले, ते यायलाच हवे होते. पण ही जबाबदारी पार पाडल्याची प्रमाणपत्रं नोंदणीकृत प्रक्रिया उद्योगाच्या नावावर तयार होतात. कुंडीत हात घालून ती बाटली बाहेर काढणाऱ्या बाईचं नाव त्या व्यवहारात कुठं येत नाही. टाकाऊ वस्तूला भाव आला की तिच्यावर आजवर जगणारा माणूस आधी बाजूला होतो.

उसात हेच वाढ्यांच्या बाबतीत होऊ घातलंय. हार्वेस्टर आले आहेत, सरकारचं अनुदानही आहे. मी यंत्राच्या विरोधात नाही. डोक्यावर मोळी घेऊन रात्री फळी चढण्याचं काम कुणाच्याही लेकीच्या वाट्याला येऊ नये, यंत्रानं ते खुशाल करावं. पण यंत्र शेंडा छाटून रानभर उधळतं, पेंढी बांधायला काही उरत नाही. काही कारखाने पाचटाच्या गाठी बांधून बॉयलरला घेतात. जी शेवटची चीज वर्तुळाबाहेर होती तीही आत येईल, टनांचा हिशेब आणखी सुंदर दिसेल, आणि फाट्यावर बसणाऱ्या मावशींच्या हातातला रोख पैसा जाईल. त्यांच्यासाठी पर्याय काय, हे यंत्राच्या अनुदानाच्या कागदावर लिहिलेलं मी कुठं वाचलं नाही.

अलीकडचा हिशेब असा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा रास्त दर टनाला ३,५५० रुपये ठरला, १०.२५ टक्के उताऱ्याला. तोडणीची मजुरी जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्क्यांनी वाढून टनाला साडेतीनशेच्या पुढं गेली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ झालं आहे, त्याला कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे असं ठरलं. राज्यात वर्षाला साडेआठ ते तेरा कोटी टन गाळप होतं, म्हणजे दोन्ही मिळून १७० ते २६० कोटी. रक्कम छोटी नाही. तिच्यात वसतिगृहं, विमा, फिरते दवाखाने नीट चालतील. पण हे १० रुपये उसाच्या टनावर बांधलेले आहेत. त्याच टनातून वीज निघाली, इथेनॉल निघालं, पोटॅश निघालं तरी ते १० च राहतात. शेतकऱ्याच्या सूत्रात उपपदार्थ आले, कामगाराच्या निधीत आले नाहीत. इथेनॉलच्या लिटरमागे काही पैसे, विकलेल्या विजेच्या युनिटमागे काही पैसे या निधीत यावेत, ही मागणी मला अजिबात अवाजवी वाटत नाही. ज्या मालाच्या जोरावर कारखाना स्वतःला पर्यावरणपूरक म्हणवून घेतो, तो माल फडातून आणणाऱ्यांचा त्यावर हक्क आहे.

वडील निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. हे सगळं मी त्यांच्यापुढं मांडलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. लॅबच्या माणसाच्या सवयीनं कागद घेतला आणि टनाचा ताळेबंद मांडला, डावीकडं साखर, बगॅस, मळी, प्रेसमड. मग प्रत्येकासमोर आजचा भाव लिहिला. खाली एक ओळ ओढली, तिथं तोडणी-वाहतूक लिहिलं, त्यातली तोडणी वेगळी काढली. बराच वेळ बघून म्हणाले, "आम्ही हे नेहमी खर्चाच्या बाजूला मांडत आलो." मी म्हटलं, "शेतकऱ्याचा दरही खर्चाच्याच बाजूला असतो की, बाबा. तरी त्याला हिस्सा आहे." त्यावर त्यांनी मान हलवली आणि इथेनॉलचा आकडा पुन्हा तपासला.

२०२४ चा मजुरीचा करार तीन हंगामांसाठी झाला. त्यानंतरची बोलणी पुण्यात साखर संकुलातच होतील. एका बाजूला कारखान्यांचा साखर संघ, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या संघटना, मध्ये पुढारी. टक्केवारीवर घासाघीस होईल, मुकादमाच्या कमिशनवर होईल. त्या बैठकीत या वेळी टनाबरोबर लिटर आणि युनिटही मांडली जावीत. खाड्याचा दंड बंद व्हावा. हार्वेस्टरनं ज्या फडात तोड होईल तिथल्या वाढ्यांचं काय, हे लिहून घेतलं जावं. आणि बैठकीला बायका असाव्यात, कारण कोयत्यातली अर्धी तोड त्यांची असते आणि तिची मजुरी आजही जोडीच्या हिशेबात नवऱ्याच्या नावावर लागते. महामंडळाकडं नोंदणी होईल तेव्हा तिचं खातं वेगळं, तिच्या नावाचं, आणि मजुरी थेट त्यात.